शांत कविता वाचायची कशी? औदुंबर, घरोटा आणि बंद ताटी

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून आमच्या खानदेशात कवितेवर बोलणारी माणसं जरा जास्त भेटू लागली आहेत. त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारे कधी पालक असतात, कधी बी.ए.ची मुलं, कधी स्वतः कविता करणारे: "सर, या कवितेत काही घडतच नाही. झरा आहे, झाड आहे, पाणी आहे. मग तिला एवढी मोठी का म्हणतात?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात संपणारी कविता आपण रोज ऐकतो. तिची शेवटची ओळ चमकते, आपण 'वाह' म्हणतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. त्या सवयीने बालकवींची कविता वाचायला घेतली, तर हाताला काहीच लागत नाही. 'मला कविता कळत नाही' असं म्हणून माणूस पुस्तक मिटतो. कवितेतल्या शांततेबद्दल आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून ते इथे लिहितो आहे.

आधी दोन शब्द

स्थिरता म्हणजे कवीने एखाद्या गोष्टीसमोर थांबणं. ती चांगली की वाईट, उपयोगाची की बिनकामाची, हा निकाल लांबवून तिच्याकडे बघत राहणं. अंतर्मुखता म्हणजे हेच बघणं स्वतःच्या मनाकडे वळवणं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: घाई नसते. समीक्षेत यासाठी अवजड शब्द पुष्कळ आहेत, पण आपलं काम या दोनांवर भागतं.

थांबणं म्हणजे काहीच न करणं, असा समज होतो. उन्हाळ्यात गिरणेचं किंवा पांझरेचं पात्र कोरडं पडलं की वाळूत झिरा खणतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा समज पटणार नाही. आधी हाताने वाळू उपसावी लागते. पहिलं पाणी गढूळ येतं, ते काढून टाकावं लागतं. मग बाजूला बसायचं. पाणी आपल्या वेगाने पाझरतं, घाईने वाटी घातली की पुन्हा वाळूच हाताला येते. खणणं हे जसं काम, तसं ते बसणंही काम. कवीचं थांबणं या जातीचं असतं.

औदुंबर: आठ ओळींत काय होतं

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, १३ ऑगस्ट १८९० ला धरणगावात जन्मले. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. वय २७. त्यांची 'औदुंबर' फक्त आठ ओळींची आहे, म्हणून पूर्ण देतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

पहिल्या वाचनात हे एक चित्र वाटतं. आता हळू वाचा, आणि अर्थ शोधू नका. नुसते रंग बघा. पहिल्या ओळीत हिरवाळी, दुसरीत निळासावळा झरा, चौथीत पुन्हा हिरवी गर्दी, पाचवीत पांढरी वाट. सहाव्या ओळीच्या सुरुवातीला हिरवं कुरण आहे आणि शेवटी काळा डोह. सातवीत काळिमाच. कवी एक शब्दही न बोलता आपल्याला हिरव्यातून काळ्यात घेऊन आला आहे. त्या काळिम्याला त्याने 'गोड' म्हटलं आहे, आणि अख्ख्या कवितेत भावनेच्या जवळ जाणारा हा एवढाच शब्द.

मग हालचाल बघा. झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते, काळिमा पसरतो. सगळं कुठे तरी निघालेलं आहे. शेवटच्या ओळीत एकदम 'बसला'. इथे कवितेच्या घडणीतली एक गंमत सांगायला हवी. ओळ म्हणताना मध्ये ठरलेल्या जागी आवाज किंचित विसावतो, त्या जागेला यती म्हणतात. या कवितेत तो दर ओळीत सोळा मात्रांनंतर येतो (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन). शेवटची ओळ मोठ्याने म्हणा: 'पाय टाकुनी जळांत बसला', इथे सोळा मात्रा भरतात आणि आवाज थांबतो. म्हणजे 'बसला' म्हटल्यावर म्हणणाराही बसतो. त्यानंतर येतं 'असला औदुंबर'. झाडाचं नाव सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट मला दर वाचनात थांबवते. या कवितेत माणूसच नाही. गाव आहे, घरं चार का होईना आहेत, शेतमळे आहेत, म्हणजे कसणारे हात आहेत. पायवाट पांढरी आहे, म्हणजे रोज पावलं पडून ती तशी झाली आहे. पण वाटेवर कुणी नाही. आधीच्या ओळींत माणसाच्या खुणा आहेत आणि माणूस गायब आहे. आठव्या ओळीत पाण्यात पाय सोडून बसण्याची अगदी माणसाची रीत येते, आणि ती झाडाला मिळते. हा औदुंबर विरक्त आहे, उदास आहे, की सगळं पाहून तृप्त झालेला आहे, यावर समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. उत्तर एक नाही. पण प्रश्न आपल्या मनात उभा राहिला, म्हणजे 'काही घडत नाही' हे खरं नाही. ते वाचणाऱ्याच्या आत घडतं, कारण कवीने आपलं मत मध्ये आणून ती जागा अडवलेली नाही.

"मग कशाचाही काहीही अर्थ लावायचा का?"

नाही. औदुंबर हसतो आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला काळ्या डोहाचं काय करायचं ते सांगावं लागेल. कवितेने जे ठेवलं आहे, त्याला धरूनच अर्थ लावायचा. शांत कविता उलट जास्त शिस्त मागते. बोलक्या कवितेत कवी स्वतः सांगतो, इथे एकेक रंग, एकेक क्रियापद साक्षीला घ्यावं लागतं.

"निवांतपणा ही पोट भरलेल्यांची चैन आहे"

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर आमच्या जळगावातच आहे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये आसोद्याला जन्मल्या, जळगावात नांदल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं. शेत, घर, गुरं, मुलं, सण हेच आयुष्य. काम करता करता त्या गाणी रचत. त्यातली काही घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आरामखुर्ची, एकांताची खोली, हातात वही, यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. होतं ते जातं. त्यांच्या बोलीत घरोटा.

अरे घरोटा घरोटा
तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं व्होटी

दळताना बाई एका जागी बसलेली असते, हात गोल फिरत असतो, डोळे दाण्यांवर आणि पिठावर. शरीर कामात पूर्ण गुंतलेलं, म्हणूनच मनाला कुणी हाक मारत नाही. पहाटेच्या त्या तास-दोन तासांत मराठी बायकांनी शेकडो वर्षं ओव्या रचल्या. वरच्या चारही ओळी मोजून बघा, प्रत्येकीत आठ अक्षरं. दळणाची फेरी आणि ओळीची लांबी एकमेकींना धरून चालतात. स्थिरतेसाठी फुरसत लागते, हे म्हणणं इथे टिकत नाही. लागतं ते लक्ष, आणि ते बहिणाबाईंनी कामातूनच मिळवलं.

याचा अर्थ कष्टांचं कौतुक करावं असा मी घेत नाही. जात्यावर बसावं लागणं हा त्या बायकांनी निवडलेला मार्ग नव्हता. विजेची गिरणी आली आणि त्यांचे खांदे सुटले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यांनी त्या सक्तीतून स्वतःशी बोलण्याची जागा काढली, हे श्रेय त्यांचं आहे आणि ते त्यांनाच द्यायला हवं.

शांत कविता म्हणजे समाधानी कविता?

इथे बहुतेकांची गल्लत होते. मौन, ध्यान, मनःशांती यांची सध्या शिबिरं भरतात, त्यामुळे शांत म्हटलं की गोड, निवळलेलं असं काही डोळ्यांसमोर येतं. मराठी कविता तसं सांगत नाही. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' हा तुकोबांचा अभंग आपण झाडं लावण्याच्या कार्यक्रमात म्हणतो आणि बहुधा पहिल्या दोन ओळींवर थांबतो. शेवट असा आहे:

तुका म्हणे होय मनासी संवाद
आपुलाचि वाद आपणांसी

एकांतात जाऊन तुकोबांना आधी संवाद मिळाला आणि लगेच वाद. भांडण आपलं आपल्याशीच. अंतर्मुखता म्हणतात ती ही. बाहेरचा गोंगाट थांबल्यावर आतला ऐकू येऊ लागतो, आणि तो सोसायचा असतो.

बालकवी 'आनंदी आनंद गडे' लिहितात आणि तेच 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' असंही लिहितात. दुसऱ्या ओळीतलं 'मला कळेना' फार प्रामाणिक आहे. दुःखाचं कारण सांगून मोकळं होणं सोपं असतं. कारण सापडत नाही हे कबूल करून तिथेच उभं राहणं अवघड.

बहिणाबाईंचं मनाबद्दलचं गाणं तर शेतकऱ्याच्या डोळ्यांनी केलेलं आत्मपरीक्षण आहे.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर

वढाय म्हणजे ओढाळ, एकदा उभ्या पिकाची चव लागली की पुन्हा पुन्हा शेतात घुसणारं. ज्याने बांधावरून असं ढोर दिवसभर हाकललं आहे, त्याला यातली दमणूक कळते. या गाण्यात बहिणाबाई मनाला शिकवण देत नाहीत, 'मना, असं वागू नकोस' म्हणत नाहीत. मन क्षणात भुईवर, क्षणात आभाळात. खसखशीच्या दाण्याएवढं आणि आभाळातही न मावणारं. त्या नुसतं बघतात आणि शेवटी देवालाच विचारतात, जागेपणी तुला असलं स्वप्न पडलं तरी कसं. उपदेशाची पुरेपूर संधी असताना त्यांनी ती घेतली नाही. मला हे गाणं मोठं वाटतं ते यासाठी.

हा वाद हजार वर्षांचा आहे

'काही घडत नाही' ही तक्रार नवी नाही. नाट्यशास्त्राच्या जुन्या परंपरेत रस आठ होते: शृंगार, वीर, करुण वगैरे. शांत हा नववा नंतर आला आणि त्यावर बरीच चकमक झाली. दहाव्या शतकात 'दशरूपक' लिहिणाऱ्या धनंजयाने शांताला नाटकात जागा नाकारली. मुद्दा साधा होता: रंगमंच कृतीवर चालतो, आणि शांत म्हणजे सगळ्या कृती थांबणं, मग नटाने करायचं काय? पलीकडे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने शांताची बाजू हिरिरीने मांडली. त्या बाजूचं सूत्र असं की बाकीचे भाव कारण मिळालं की शांतातून उठतात आणि कारण संपलं की शांतातच मिटतात.

ज्ञानेश्वरांनी याचं मराठीत जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसणार आहे, म्हणजे सगळा अद्भुताचा कारभार. तिथे आरंभीच ते म्हणतात, शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे, आणि बाकीच्या रसांनाही पंगतीला मान मिळाला आहे. घर शांताचं, पाहुणे बाकीचे. एवढं मोठं रूप दाखवायचं तर आधी घर शांत हवं, ही त्यांची मांडणी आहे. कवितेच्या वाचकालाही ती जशीच्या तशी लागू पडते.

"जग पेटलेलं असताना आत बघत बसायचं?"

कापसाला भाव नाही, विहिरी खोल गेल्या, शेतकरी जीव देतो, तेव्हा झाडाची आणि झऱ्याची कविता लिहिणं म्हणजे पाठ फिरवणं आहे, असं मला एका तरुण कवीने रागाने सांगितलं. त्याचा राग खरा आहे. अंतर्मुखतेत हा धोका आहेच: आत गेलेला माणूस दार लावून घेतो.

मुक्ताईचे ताटीचे अभंग याच धोक्याबद्दल आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले, अशी कथा आहे. धाकटी बहीण बाहेर उभी राहून 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणत राहिली. जग रागाने पेटलं असेल तर संतांनी पाणी व्हावं, असं ती भावाला सांगते. हीच मुक्ताई पुढे तापीच्या काठी, मेहूणला विजेच्या लोळात गुप्त झाली, अशी श्रद्धा आहे. त्या तालुक्याचं नाव आज मुक्ताईनगर आहे, आणि आषाढीला तिची पालखी इथून पंढरपूरपर्यंत चालत जाते. आत बसलेल्याला दार वाजवणारं कुणी लागतं, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको.

त्या तरुण कवीला मी एवढंच म्हटलं की शेतकऱ्याबद्दल लिही, पण लिहिण्याआधी त्या शेतात तितकाच वेळ थांब, जितका बालकवी डोहापाशी थांबले. घोषणा दुरूनही लिहिता येते. कर्जाच्या नोटिशीची घडी बाईने कुठल्या डब्याखाली ठेवली आहे, हे थांबल्याशिवाय दिसत नाही. स्थिरता हा विषय नाही, पाहण्याची रीत आहे. तिने संतापाचीही कविता लिहिता येते.

टाळ्यांच्या कवितेशी भांडण नाही

मंचावरची कविता एकदाच ऐकली जाते. तिथे अर्थ त्याच क्षणी पोचावा लागतो, म्हणून यमक ठळक, विरोध ठळक, शेवट ठळक. ती वेगळी कारागिरी आहे आणि ती सोपी नाही. १९०७ मध्ये जळगावात मराठीतलं पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे सतराच्या आसपासच्या एका पोराची कविता ऐकून त्यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. म्हणजे ज्याच्या शांततेबद्दल आपण इतकं बोललो, त्यालाही नाव मिळालं ते भरल्या मांडवात. अडचण फक्त तेव्हा होते, जेव्हा आपण सगळ्या कविता टाळ्यांनीच मोजायला लागतो.

लिहिणाऱ्यांसाठी

कविता करणाऱ्या मुलांना मी एक सराव देतो. आपल्या कवितेतले भावनेचे शब्द खोडा: उदास, एकटं, वेदना, हुरहुर, सगळे. काय उरतं ते बघा. एका मुलाने आजी गेल्यावर लिहिलं होतं, 'तुझ्याविना हे घर उदास, मनात दाटे एकच भास'. खोडल्यावर काहीच उरलं नाही. मग त्याला विचारलं, शेवटची वेचणी झाली तेव्हा शेतात काय होतं? बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं:

कापूस वेचून झाला.
बांधावर आजीची कळशी
कुणी उचलली नाही.

दुःखाचा शब्द नाही, पण आजी नाही हे कळतं, आणि घरच्यांनी कळशीला हात का लावला नाही हा प्रश्नही उरतो. वर्गात कुणी तरी लगेच विचारलं, म्हणजे आता प्रत्येक कवितेत एक कळशी ठेवायची का? तसं केलं तर तीही युक्तीच होईल, आणि वाचकाला ती दोन कवितांत ओळखू येईल. त्या मुलाची कळशी खरोखर बांधावर होती. ती तांब्याची होती की स्टीलची, तिला पोचा कुठे होता, हे विचारल्यावर त्याने न अडखळता सांगितलं. ज्याला असं सांगता येत नाही, त्याने पुन्हा शेतात जाऊन यावं आणि मग ती ओळ ठेवायची की खोडायची ते ठरवावं.